दादासाहेबांच्या नावाची योजना आणि दादासाहेबांची मागणी

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदय,
सप्रेम जयभीम.

भूमिहीनांना जमीन देणारी तुमच्या खात्याची एक योजना आहे : कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. ज्यांचं नाव तिला दिलंय, त्यांनी मागितलं होतं एक आणि योजना देऊ करते दुसरंच. म्हणून हे पत्र.

दादासाहेब म्हणजे भाऊराव गायकवाड, आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या आंबे दिंडोरीचे, जन्म १९०२ चा. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात ते होते. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे वर्षानुवर्षं धगधगता ठेवला तो त्यांनीच. बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडन गाठावं लागे. मागे रामनवमीचा रथ, रामकुंड, दगडफेक आणि सत्याग्रहींवर गावात निघणारा राग, हे सगळं निस्तरायला भाऊराव. १९३४ साली बाबासाहेबांनीच त्यांना पत्रातून कळवलं, की आता ही ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा.

भाषणांत दादासाहेब बहुतेक इथेच संपतात. मला ते मोठे वाटतात ते पुढच्या कामामुळे. बाबासाहेब गेल्यावर रिपब्लिकन पक्ष फुटला. शिकल्यासवरल्या मंडळींचा गट ‘दुरुस्त’ आणि दादासाहेबांचा ‘नादुरुस्त’! या धोतरवाल्या पुढाऱ्याचं जमिनीचं वेड म्हणजे कम्युनिस्टांची संगत, अशी टीका घरातूनच झाली. (पुढे त्यांनी काँग्रेसशी जुळवून घेतलं ते मला पटत नाही, पण तो वाद वेगळा.) तरी या माणसाने १९५९ ला मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. १९६४ ला पंतप्रधान शास्त्रींपुढे मागण्या ठेवल्या आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह पुकारला. शांताबाई दाणींसारख्या बाया तुरुंगात गेल्या. लाखोंनी अटक करून घेतली, जेलं भरली.

त्या मागण्यांत बाबासाहेबांची तसबीर संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, हीही एक होती. ती लागली १९९० ला, २६ वर्षांनी. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही त्याच साली. जमिनीची मागणी साधी होती : सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन कसायला भूमिहीनांना द्या.

आता योजना बघा. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त यांना आधी. कागदावर उत्तम. पण जमीन सरकार आपली देत नाही, खाजगी मालकाकडून विकत घेऊन देतं. २०१८ च्या शासन निर्णयात कमाल दर जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख. या भावात दिंडोरी-निफाड पट्ट्यात रस्त्याकडेची बागायत कोण विकेल? जो विकायला येतो त्याची जमीन बहुधा मुरमाड, नाहीतर वाट नसलेली. शिवाय गावातल्या दलिताला जमीन मिळावी म्हणून गावातलाच मालक आपणहून पुढे येईल, अशी आशा ही योजना धरून बसते. दादासाहेबांनी ती कधी धरली नाही. ते मालकाकडे गेलेच नाहीत, सरकारकडे गेले.

सरकारकडे जमीन आहे, ती गायरान, म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. मराठवाड्यात दोन-दोन पिढ्या गायरान कसणारी माणसं आहेत. त्यांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत पुरावे असतात : गाव नमुना १-ई (अतिक्रमणांची नोंदवही) चा उतारा, दंड भरल्याच्या पावत्या. दंड घेताना सरकार त्यांना ओळखतं, सातबाऱ्यावर मात्र कसणाऱ्याचं नाव येत नाही. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करा, असा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तरी शासनाच्या आदेशाने भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद मोकळा ठेवला. जमीन खाली करा अशा नोटिसा काढताना तो अपवाद कुणी वाचतं का?

महसूल तुमचं खातं नाही, हे ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात तुम्ही शेजारीच बसता. तालुकावार किती अर्ज आले, किती एकर घेतले आणि त्यातले किती आज खरोखर कसले जातात, हे अधिवेशनात पटलावर ठेवा. एकरी दर त्या-त्या भागातल्या चालू खरेदीखतांशी जोडा. आणि १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्या पण सातबाऱ्यावर न आलेल्या कुटुंबांची यादी महसूलमंत्र्यांकडून मागवून घ्या. २९ डिसेंबर हा दादासाहेबांचा स्मृतिदिन. तोवर निदान यादी तरी तयार होऊ शकते.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक मतदार