दोन वर्षं आणखी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि आईने फोन हातातच घेतला नसता, म्हणून लिहितेय. इथल्या प्रयोगशाळेतला करार मी दोन वर्षांनी वाढवून घेतला. सहीही झाली. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "राहा" म्हणाला असता, आणि तेच मला जास्त लागलं असतं.

कारण ऐका तरी. आमचा मॉफ म्हणजे धातूच्या सांध्यांना सेंद्रिय दांड्या जोडून केलेला जाळीदार स्फटिक. बाबा, आपला मेकॅनोच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडल्या तर हजारभर चौरस मीटर भरतील. त्यातला मॉफ-५ हा प्रकार हवेतल्या ओलीनेच ढासळतो. आमचा झिर्कोनियमचा यूआयओ-६६ पाण्यात टिकतो आणि त्यातलं विषारी आर्सेनिक धरतो. अडतं पुढेच. बारीक पूड नळीत भरली की पाणी तुंबतं. गोळ्या वळायला बाइंडर घातला तर तोच भोकांच्या तोंडाशी बसतो, आणि कमी घातला तर गोळीचा भुगा होतो. त्यात पाण्यातलं फॉस्फेट आर्सेनिकच्या जागा बळकावतं. चंचुपात्रात हे कळत नाही, महिनोन्‌महिने पाणी सोडत बसावं लागतं. असं काम अर्ध्यावर दुसऱ्याला देता येत नाही. (येतं खरं तर. मला द्यायचं नाही.)

आई, तुला धास्ती आहे ते डीएमएफ, म्हणजे मॉफ ज्यात बनवतो ते द्रावक, यकृताला वाईटच, कातडीतूनही शिरतं. पण १२० अंशांवर २४ तास ते बंद भांड्यात असतं आणि भांडं उघडतं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. भोकांत उरलेलं डीएमएफ मिथेनॉल बदलत बदलत काढायचं, मग निर्वातात तापवायचं. हातमोजे असतात. जेवते वेळेवर, झोपतेही. खोलीत भरपूर ऊन येतं.

आता तुमचं. बाबा, पाण्याच्या फिल्टरचं कार्बनचं कार्ट्रिज उन्हात वाळवून परत बसवायचं नाही! (आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.) कार्बनची भोकं उन्हाने मोकळी होत नाहीत, त्यासाठी कारखान्यात ८०० अंशांच्या वर तापवतात. शिवाय कार्बन क्लोरीन खातो, त्यामुळे ओल्या कार्ट्रिजवर जंतू वाढतात. नवीन बसवलं की काळपट पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत सोडून द्या. गरम पाणी त्यातून घालू नका, धरलेलं परत सुटतं. चव चांगली लागली म्हणजे झालं असं नाही. फ्लोराइड आणि क्षार साध्या कार्बनला अडत नाहीत, म्हणून पाणी एकदा तपासून घ्याच. काटकसर मला कळते हो, तुमच्याच त्या काटकसरीवर शिकले मी. पण ती इथे नको.

दोन नवी कार्ट्रिज मागवली आहेत. बदलल्याची तारीख पेनने अंगावरच लिहा. जुनं फेका, माळ्यावर टाकू नका. आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आधी सांगा, संपल्यावर नाही.

तुमची,
चिमी