डेने भूमीवरील प्रकल्पांबाबत कॅनडाच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, क्राउन–आदिवासी संबंध, कॅनडा सरकार

माननीय मंत्री महोदया,

राष्ट्रहिताच्या प्रकल्पांना झटपट मंजुरी देणारा कायदा जून २०२५ मध्ये झाल्यापासून उत्तरेतील खनिजे आणि रस्ते यांविषयी जी लगबग सुरू आहे, ती पाहून आल्बर्टात स्थायिक झालेला एक मराठी नागरिक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

अशा घाईचा अनुभव डेने या उत्तर कॅनडातील आदिवासी लोकांना शंभर वर्षांपासून आहे. त्यांच्या मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात करार करण्याची निकड सरकारला वर्षानुवर्षे वाटली नव्हती. १९२० साली नॉर्मन वेल्सला तेल लागले आणि पुढच्याच उन्हाळ्यात ११व्या क्रमांकाच्या कराराचा मसुदा घेऊन सरकारी प्रतिनिधी नदीमार्गे तेथे पोहोचले. त्या कागदात जमीन सोडून दिल्याचे नमूद आहे. आम्ही मैत्रीचा करार केला, जमीन दिली नाही, असे डेने वडीलधारी मंडळी सांगत आली. १९७३ मध्ये न्या. विल्यम मॉरो यांनी गावोगावी जाऊन त्यांच्या साक्षी ऐकल्या आणि त्यांच्या दाव्यात तथ्य असल्याचे मान्य केले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीवरील त्या दाव्याची नोंद नाकारली खरी, पण ती नोंदणी कायद्यातील तांत्रिक मुद्द्यावर. जमीन कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला. त्याच नॉर्मन वेल्सचे तेल १९८५ पासून आमच्या आल्बर्टात येऊ लागले. त्या तेलक्षेत्रात केंद्र सरकारचा एक तृतीयांश वाटा होता, म्हणजे आदिवासींच्या हिताचा विश्वस्तच भागीदार!

आपण येलोनाइफ या उत्तरेतील शहराच्या महापौर होता, त्यामुळे तेथील जायंट या सोन्याच्या खाणीबद्दल आपल्याला मी वेगळे काय सांगणार? १९४८ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या त्या खाणीत सोन्याचे खनिज भाजताना निघालेला आर्सेनिकचा धूर आसपासच्या बर्फावर बसत असे, आणि तोच बर्फ वितळवून लोक पाणी पीत. १९५१ मध्ये एक डेने मूल त्या विषाने दगावले. खाणीची कंपनी १९९९ मध्ये बुडाली. पाण्यात विरघळणारी २ लाख ३७ हजार टन विषारी आर्सेनिकची भुकटी मात्र ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी जमिनीखाली राहिली. ती गोठवून ठेवणे हाच आजचा उपाय आहे, आणि तिची राखण कायम करावी लागणार आहे. खाण सुरू करताना तेथील येलोनाइव्ह्स डेने समाजाला कोणी विचारले नव्हते.

डेने लोक खाणींच्या सरसकट विरोधात आहेत, असे मानणे चुकीचे ठरेल. त्लिचो या डेने समाजाने २००५ मध्ये स्वतःचे शासन मिळवले असून हिऱ्यांच्या खाणींशी त्यांनी करारही केले आहेत. मात्र आकाइचो आणि डेहचो या डेने भागांतील जमिनीच्या सरकारशी चाललेल्या वाटाघाटी कित्येक वर्षे रेंगाळल्या आहेत, आणि नव्या प्रकल्पांची चर्चा त्यांच्यासाठी थांबलेली नाही.

म्हणून विनंती अशी की, संबंधित डेने शासनाची लेखी संमती मिळाल्याशिवाय त्यांच्या भूमीवरील कोणताही प्रकल्प राष्ट्रहिताच्या यादीत घेतला जाणार नाही, असे आपण संसदेत जाहीर करावे. सल्लामसलतीच्या बैठका म्हणजे संमती नव्हे. नकार दिल्यास प्रकल्प थांबेल, हेही त्या निवेदनात स्पष्ट असावे. आकाइचो आणि डेहचो यांच्याशी चाललेल्या वाटाघाटी कधीपर्यंत पूर्ण होतील, याचे वेळापत्रकही आपण त्यासोबत द्यावे.

आपला,
आल्बर्टातील एक नागरिक