चरणजित सिंग यांची तबकडी आणि समेचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वाटचालीवर आलेला लेख आवडीने वाचला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीची दखल एका मराठी वृत्तपत्राने घेतली, याबद्दल आधी आभार मानतो. मात्र लेखातला त्यांच्यावरचा सगळा मजकूर एकाच मुद्द्याभोवती फिरतो. तो मुद्दा असा, की शिकागोत ‘ॲसिड हाउस’ नावाचा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला येण्याच्या पाच वर्षे आधी तो मुंबईत कुणीतरी नकळत वाजवून ठेवला होता. यात कालगणनेची चूक नाही. पण दहा रागांच्या तबकडीवर एवढे लिहून झाल्यावरही एकाही रागाचे नाव येत नाही, हे पस्तीस वर्षे हार्मोनिअम शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला खटकल्याशिवाय राहिले नाही. ‘नकळत’ हा शब्द तर मला मुळीच पटलेला नाही.

चरणजित सिंग हे शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे वाजवणारे, स्टुडिओत मुरलेले वादक होते. गिटार, बास आणि निरनिराळी कळवाद्ये त्यांच्या हाताखाली होती. दुसऱ्यांच्या गाण्यांत दोन-चार ओळींचे तुकडे वाजवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय, आणि १९८२ साली एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीसाठी केलेली ही तबकडी म्हणजे त्या व्यवसायाच्या कडेला केलेले स्वतःचे काम. सिंगापूरहून आणलेली रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी त्यासाठी वापरली : सुरावटीसाठी जुपिटर-८, बाससाठी, म्हणजे खर्जातल्या साथीसाठी, टीबी-३०३ आणि ठेक्यासाठी टीआर-८०८. चित्रपटांत त्या वेळी डिस्कोची लाट होती. आपणही डिस्कोच घ्यावा, पण त्यावर राग वाजवावेत आणि तबला बंद ठेवावा, असा विचार आपण केला होता, हे त्यांनी पुढे मुलाखतीत स्वतःच सांगितले आहे. तबला नको असे ठरवूनच जो वाजवायला बसतो, त्याच्या हातून हे नकळत घडले असे कसे म्हणायचे?

आता या यंत्रांपैकी टीबी-३०३ जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या जगभरच्या कौतुकाचे कारण तेच आहे. बास वाजवणारा साथीदार नसलेल्या वादकाला सरावासाठी उपयोगी पडावे म्हणून १९८१ मध्ये ते बाजारात आले, चालले नाही, आणि १९८४ पर्यंत बंदही झाले. त्यात सुरावट भरण्याची रीत चमत्कारिक आहे. आधी नुसते स्वर एकापुढे एक भरायचे आणि मग त्यांच्या मात्रा वेगळ्याने भरायच्या. म्हणजे भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीच्या वहीत एखाद्याने आधी सगळे स्वर लिहून काढावेत आणि तालाच्या खुणा मागाहून घालाव्यात, तसे. एका आकृतिबंधाला, म्हणजे यंत्र फिरवत राहते त्या तुकड्याला, जास्तीत जास्त सोळा खाने असतात. (तीनतालाच्या सोळा मात्रांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह मलाही झाला होता, पण तो योगायोग आहे, हे सोळा खाने साधारणपणे चार ठोक्यांतच संपतात.) प्रत्येक खान्यातल्या स्वराला जोर देता येतो, किंवा तो पुढच्या स्वरावर घसरत नेता येतो. ही घसर म्हणजे यंत्राची मींड. फरक एवढाच, की आपल्याकडे मींड किती वेळ घ्यायची हे राग आणि जागा ठरवते, तर या यंत्रात अंतर अर्ध्या स्वराचे असो वा सप्तकाचे, घसरायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. त्यामुळे ती ऐकताना थोडी हट्टी वाटते, आणि मला तरी तीच या तबकडीतली सर्वांत गोड गोष्ट वाटते.

रागांची निवड पाहिली तर ती डोळसपणे केलेली दिसते. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी आणि मेघ मल्हार असे दहांपैकी निम्मे राग पाच स्वरांचे आहेत. यंत्राने तीच तान न थकता फिरवत राहायची असेल, तर कमी स्वरांचा, मोकळ्या अंतरांचा राग सोयीचा पडतो, हे हार्मोनिअमवर द्रुत लयीत अलंकार घोटलेल्या कुणालाही कळेल. ललत रागातले दोन मध्यम कळवाद्यावर शेजारी-शेजारी आयतेच मिळतात. उलट तोडीत मात्र पंचाईत होते, कारण तोडीचा गंधार पट्टीच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला लागतो आणि ठरावीक बारा स्वरांच्या वाद्यात ती जागाच नसते. याच दोषावर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनिअमला दार बंद ठेवले होते, तेव्हा आमच्या जमातीला हे दुखणे नवे नाही. चरणजित सिंग यांची तोडी मला म्हणूनच फिकी वाटते, आणि त्यांच्याबद्दल आदर असूनही ते लिहायला हरकत नसावी. क्रमाकडे पाहता, पहाटेच्या ललतनंतर रात्रीचा भूपाळी आणि त्यानंतर पुन्हा सकाळची तोडी, असा समयसिद्धान्त त्यांनी सरळ बाजूला ठेवला आहे. डिस्कोला कुठला आलाय प्रहर!

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या वर्गातल्या सात मुलांना यातला यमन ऐकवला. राग त्यांनी पहिल्याच मिनिटात ओळखला, पण नंतर सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली. आठवीतली एक मुलगी बराच वेळ बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होती, शेवटी वैतागून म्हणाली, “सर, यात सम कुठाय?” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, तेव्हा प्रश्न अगदी रास्त होता. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा ठोका पडतो. टाळी-खालीचा, म्हणजे भरीव आणि रिकाम्या मात्रांचा, भेद नाही, त्यामुळे आवर्तन कुठे वळते हे ठेका सांगतच नाही. मी काही सांगण्याआधी तिनेच पुन्हा लावायला लावले, पेटीवर डोके टेकवून ऐकले आणि म्हणाली, “बास जिथून परत सुरू होतो ना, तीच सम.” तबला काढून घेतल्यावर त्याचे काम कोणाकडे गेले, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर मी कुठल्या समीक्षेत वाचले नाही. आणि तोच बास आधारस्वराशी घुटमळत राहून तानपुऱ्याचीही उणीव भरून काढतो.

ॲसिड हाउसची सुरुवात मानली जाणारी, शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या तिघांच्या गटाची १९८७ ची तबकडी आणि हे काम यांत यंत्र एक असले तरी वाट वेगळी आहे. त्या तरुणांनी वाजत असलेल्या आकृतिबंधाच्या नादाचे खुंटे पिळत आवाज चिरकवला. त्यांचे सगळे लक्ष नादाच्या पोताकडे होते. चरणजित सिंग यांचे लक्ष स्वरवाक्याकडे होते. एकाला दुसऱ्याचा पूर्वज ठरवल्याने दोघांचेही ऐकायचे राहून जाते. हॉलंडमधील संग्राहक एडो बाउमन यांच्या खटपटीने २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा हे सगळे कुणा युरोपीय संगीतकाराने रचलेला बनाव असावा, अशीही शंका काहींनी घेतली. मुंबईच्या स्टुडिओतला एक वादक असे काही करू शकेल यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्यांना ती थट्टा मानणे सोपे गेले.

तबकडी त्या काळी का चालली नाही, याचेही कारण मला त्यातच दिसते. वाद्यांवर वाजवलेल्या गाण्यांच्या तबकड्या तेव्हा घरोघर होत्या. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे ॲकॉर्डिअन किंवा व्हॅन शिप्ली यांची गिटार ऐकताना ऐकणारा मनातल्या मनात गाण्याचे शब्द म्हणत असे, आणि त्या आठवणीवर ती वाद्ये चालत. इथे आठवायला शब्दच नव्हते. राग जाणणाऱ्याला डिस्को नको होता आणि डिस्कोवर नाचणाऱ्याला रागाशी देणेघेणे नव्हते.

चरणजित सिंग जुलै २०१५ मध्ये मुंबईत वारले. त्याआधी काही वर्षे तरी त्यांना परदेशात हे संगीत वाजवता आले आणि लोक ते ऐकायला आले, हे त्यांचे भाग्य. आमच्या चाळीत एक व्हायोलिनवादक राहत. चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते अठ्ठावीस वर्षे वाजवत होते, पण त्यांचे नाव कुठल्याही वेष्टनावर नाही. आपण या विषयावर लेखमाला करणार असाल, तर ‘जगात पहिला कोण’ याच्या शोधात न पडता अशा वादकांनी रोज काय वाजवले आणि फावल्या वेळात स्वतःसाठी काय वाजवून पाहिले, हे लिहून घ्यावे, ही विनंती. त्या गृहस्थांच्या मुलीने वडिलांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक रेकॉर्डिंगची तारीख, स्टुडिओ, संगीतकार आणि मिळालेले पैसे त्यांत जांभळ्या शाईने लिहिलेले आहेत. मुलीची हरकत नसल्याचे मी विचारून ठेवले आहे. आपल्या प्रतिनिधीला वह्या पाहायच्या असतील, तर कळवावे.

आपला,
एक हार्मोनिअम शिक्षक, गिरगाव