काकूंना त्यांची गाणी ऐकव

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन ठेवल्यापासून काकूंचाच विचार चालू आहे. तुला त्या भावाच्या नावाने हाक मारतात, चहा घेतलेला अर्ध्या तासात विसरतात. पण रेडिओवर जुनं गाणं लागलं की दोन्ही अंतरे बिनचूक म्हणतात. ‘मग आई मलाच कशी विसरली?’ असं तू विचारलंस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

काकूंना झालेल्या अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा, घाव सुरुवातीलाच बसतो तो हिप्पोकॅम्पसवर. आज काय झालं, कोण आलं होतं, हे साठवायचं काम मेंदूच्या याच भागाचं. गाणं मात्र एका जागी नसतं. सूर, शब्द, ठेका, ओठांची सवय, ऐकताना झालेला आनंद, हे सगळं मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी असतं. २०१५ साली लाइपझिगच्या संशोधकांनी आधी निरोगी तरुणांच्या मेंदूत जुनी, ओळखीची गाणी कुठे जागी होतात ते शोधलं. मग अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत तोच भाग तपासला. बाकी मेंदूच्या मानाने तो पुष्कळच शाबूत होता. काकूंचं प्रेम आटलं म्हणून तुझं नाव गेलं, असं मनात आणू नकोस रे.

क्लाइव्ह वेअरिंग नावाचे एक ब्रिटिश संगीतकार आहेत. १९८५ मध्ये विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली आणि हिप्पोकॅम्पस जवळजवळ नष्ट झाला. नवी आठवण काही सेकंदच टिकायची. तरी पियानोपुढे बसवलं की ते वाजवायचे, गायकवृंदाचं संचालनही करायचे. आणि पत्नी खोलीत आली की दर वेळी वर्षानुवर्षांनी भेटल्यासारखे तिला कवटाळायचे. हे वाचताना मला तुम्ही दोघं आठवलात.

आता मुख्य सांगायचं ते. तू त्यांना दिवसभर भजनं लावून ठेवतोस. वय झालं की भजनच, हे आपण का ठरवून टाकतो? माणसाच्या सर्वांत ठळक आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या असतात, आणि गाण्यांचंही तसंच. काकू आज चौऱ्याहत्तरच्या. म्हणजे १९६० ते १९८० च्या आसपासची गाणी हवीत. खारकर आळीतल्या घरी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा त्या पोळ्या लाटता लाटता गुणगुणायच्या, असं तूच सांगायचास. ती गाणी शोध. भजनं त्या वयातही म्हणत असतील, तर तीही घे.

लावायचं कसं, तेही सांगतो. टीव्ही बंद कर. आवाज बेताचा ठेव. एका वेळी तीन-चार गाणीच, आणि तू शेजारी बस. मांडीवर ठेका धर, शब्द येतील तिथे तूही म्हण. आपल्याला तबल्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधीचा तो क्षण आठवतो ना? तिहाईत तोच तुकडा तीनदा वाजत असतो आणि अंग आधीच पुढे झुकतं. माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की गाण्यातली आवडती जागा येणार या नुसत्या चाहुलीनेही मेंदूत डोपामीन, म्हणजे आनंदाशी निगडित रसायन, सुटतं, आणि जागा आली की पुन्हा, दुसऱ्या भागात. म्हणून अनोळखी ‘शांत संगीत’ नको. पुढे काय येणार हे काकूंना ठाऊक असलेलं गाणं हवं. संध्याकाळी त्या कावऱ्याबावऱ्या होतात म्हणालास, तर त्याच्या जरा आधी लावून बघ. एखाद्या गाण्याने रडू आलं तर लगेच बदलू नकोस, हात धर. चेहरा त्रासलेला दिसला तर मात्र बंद कर.

यानं आजार हटणार नाही, गेलेलं नाव परत येईलच असंही नाही. मेंदू तल्लख करणाऱ्या संगीताच्या जाहिराती येतात, त्यावर पैसे घालू नकोस. मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते हा बोलबाला १९९३ च्या एका प्रयोगावरून झाला. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम पाऊण तासही टिकला नव्हता. काकूंची ती पंधरा-वीस मिनिटं सुखाची जावीत, आणि त्यात तू असावास, एवढ्यासाठीच हे.

गाण्यांची यादी एकट्याने करू नकोस. काकूंची धाकटी बहीण कळव्यात आहे ना? मेळ्यात दोघी कोणती गाणी म्हणायच्या, लग्नात कोणतं म्हटलं होतं, हे मावशींनाच माहीत असणार. त्यांचंही वय झालंय, तेव्हा याच आठवड्यात जा. शनिवारी मी मोकळा आहे, बरोबर येतो. तबल्याची जोडीही आणतो.

तुझा,
मिलिंद