नुसतं 'ब्रेन हॅमरेजने निधन' छापून भागत नाही

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून 'ब्रेन हॅमरेजने निधन' एवढीच ओळ येते, माणूस चाळिशी-पन्नाशीतला असतो, आणि लोक हळहळतात की काल तर चांगला हिंडत होता. त्यातल्या काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आधीपासून फुगा आलेला असतो, अ‍ॅन्युरिझम म्हणतात, तो फुटलेला असतो. असा फुगा १०० मोठ्या माणसांत साधारण ३ जणांना असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही, त्यामुळं उगाच धास्ती नको. बिडी-सिगरेट आणि अंगावर काढलेलं बीपी असलं तर मात्र धोका वाढतो.

आमच्या वहिनी भाकरी थापत होत्या, एकदम डोक्यात कळ आली आणि मिनिटाच्या आत एवढी वाढली की पिठाच्या हातानंच डोकं धरून खाली बसल्या, उलटी झाली, मान अवघडली, जन्मात असं डोकं दुखलं नाही म्हणत होत्या. दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. उलटी झालेली, त्यामुळं आम्हालाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पापणी खाली पडली तेव्हा कुठं सीटी स्कॅन झाला. मांडीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, भरली, वहिनी वाचल्या, पण ती रात्र घरात काढली हे आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो, कारण पहिल्या २४ तासांतच परत फुटायची भीती सगळ्यात जास्त असते.

साधा सीटी स्कॅन पहिल्या ६ तासांत केला तर हा रक्तस्राव सहसा सुटत नाही. उशीर झाला की सांडलेलं रक्त पातळ होत जातं, स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही, मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागतं. चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यातनं कोल्हापूर गाठायलाच दोन-तीन तास जातात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातनंच हे ओळखून १०८ बोलवायला पाहिजे. मेडिकलमधनं अ‍ॅस्पिरीन आणून देणं तर अजिबात नको, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

तुम्ही आरोग्याच्या पानावर हे ठळक छापा ही कळकळीची विनंती. आणि त्यात हेही टाका की डॉक्टरांसमोर नुसतं 'डोकं दुखतंय' म्हणू नका, किती वाजता, काय करताना, एका क्षणात सुरू झालं का हळूहळू, ते आधी सांगा.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर