कॅमेरे पुष्कळ झाले, आता हेडफोन लावून बसणारा माणूस द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकांनी लिहिलं होतं की हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, जो तो लाईव्ह करतोय, मग छोट्या गावातल्या चार लोकांनी पदरमोड करून टीव्ही चॅनल चालवायचा हट्ट कशाला. टोमणा असला तरी प्रश्न बरोबर आहे. मी अशाच एका चॅनलवर फुकट राबणाऱ्यांपैकी, म्हणून म्हटलं आपणच उत्तर द्यावं, आणि त्यातच एक मागणीही करून घ्यावी.

कॅमेऱ्याचा मुद्दा संपलाय हे आधीच मान्य करतो. १९६७ साली सोनीचा पोर्टापॅक आला, एकट्या माणसाला उचलून फिरता येईल असा व्हिडिओ, तेव्हा तो हातात असणं हीच मोठी गोष्ट होती. पण त्याच वर्षी कॅनडात फोगो बेटावर जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते तर साध्या फिल्मवर झालं. बेट रिकामं करून तिथल्या कोळ्यांना दुसरीकडे हलवायचं चाललं होतं, तेव्हा नॅशनल फिल्म बोर्डाच्या कॉलिन लो यांनी त्या लोकांचं म्हणणं शूट केलं, आणि ते आधी त्यांनाच बसवून दाखवलं, मग सरकारी लोकांना दाखवलं. एका टोकाच्या वस्तीला दुसऱ्या टोकाचं काय दुखतंय ते तेव्हा समजलं. पुढे त्यांनी मासेमारीची सहकारी संस्था काढली आणि बेटावरच राहिले. म्हणजे शूट काय कोणीही करेल, जे शूट केलं ते सगळ्यांना एकत्र दाखवणं हे काम. मोबाईलवाला लाईव्ह करतो ते त्याच्या ओळखीच्यांना दिसतं, त्याला न आवडणाऱ्या वॉर्डातल्या माणसाला ते दिसतच नाही.

याच कॅनडाच्या कामातून माहितीपटवाले जॉर्ज स्टोनी अमेरिकेत परत गेले आणि १९७१ साली रेड बर्न्स यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये अल्टरनेट मीडिया सेंटर काढलं, पब्लिक ॲक्सेस टीव्हीची, म्हणजे केबलवर सामान्य लोकांनी स्वतःचे कार्यक्रम लावण्याची चळवळ बरीचशी तिथून वाढली. १९७२ साली तिकडच्या एफसीसीने, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, मोठ्या १०० बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांना सांगितलं की एक चॅनल लोकांसाठी मोकळं ठेवा. १९७९ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं एफसीसीला तो अधिकारच नाही, झालं, मग १९८४ च्या कायद्याने गावांना मुभा दिली की केबल कंपनीशी करार करताना असं चॅनल मागून घ्या, आणि त्यावर काय दाखवायचं यात कंपनीने नाक खुपसायचं नाही. कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फी पण गावाला घेता येते, त्यातून अशी बरीच चॅनल चालली. आता लोकच केबल तोडतायत म्हटल्यावर ती फी पण आटत चाललीय, तो वेगळाच विषय.

पण कायदा नसताना पण लोकांनी केलंय हो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डेल सिटीत १९६८ साली तिथल्या जेसीजवाल्यांनी, म्हणजे तरुणांच्या समाजसेवी क्लबने, बिनजाहिरातीचं चॅनल चालवलं होतं, दोनेक वर्षांत बंद पडलं, पैसा नाही, धड सामान नाही, कायमची जागा नाही. आपल्याकडे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९७५ पासून पीज गावातल्या एवढ्याशा ट्रान्समीटरवरून गावांसाठी कार्यक्रम लागायचे, त्या प्रयोगाला १९८४ साली युनेस्कोचं बक्षीस मिळालं, पण त्याच्यामागे इस्रोसारखी संस्था आणि पगारी माणसं उभी होती. नुसत्या हौसेवर चालणारं चॅनल कशाने बंद पडतं ते डेल सिटीवरून कळतं, आणि आमच्या अनुभवाने त्या यादीत मी अजून एक घालीन, ते म्हणजे कंटाळा.

कारण असं आहे की चॅनल म्हटलं की लोकांना अँकर व्हायचं असतं. पोरं येतात, उत्साहाने येतात, पहिल्या आठवड्यात ड्रोन शॉट कधी घ्यायचा विचारतात. आणि चॅनलचं खरं काम काय तर पालिकेची सभा अथपासून इतिपर्यंत रेकॉर्ड करणं, म्हणजे तीन तास एका जागी उभं राहून लोक पाणीपुरवठ्याच्या टेंडरवर भांडतायत ते बघणं. हे कोणाला हवंय? पण आमच्याकडे सगळ्यात जास्त कशाची विचारणा होते तर त्याचीच. तो दोन मिनिटांचा क्लिप फिरतो ना मोबाईलवर, अमुक साहेब तमुक बोलले, त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते बघायला लोक आमच्याकडे येतात, दोन्ही बाजूचे येतात, आणि पूर्ण रेकॉर्डिंग बघून बरेचदा दोघेही थोडे गप्प होऊन जातात. म्हणून आमचा नियम आहे की सभा कापायची नाही, मधला अर्धा तास नुसती फाईल शोधण्यात गेला तरी तो पण तसाच लावायचा. फक्त विषयपत्रिकेतला कुठला विषय कितव्या मिनिटाला सुरू होतो ती यादी खाली द्यायची. ती यादी बनवायला परत कोणालातरी सगळं ऐकावं लागतं, आणि तिथेच माणसं पळतात.

आता आवाजाचं सांगतो, कारण टीव्ही हे ऐकायचं माध्यम आहे असं माझं ठाम मत झालंय. चित्र थोडं हललं, अंधारलं, तरी लोक बघतात, आवाज खराब झाला की पुढच्या मिनिटाला चॅनल बदलतात. आणि दानात आम्हाला मिळतात कॅमेरे! जुने, नवे, बॅटरी नसलेले, चार्जर हरवलेले. माईक कोणी देत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक मागच्या भिंतीजवळ आणि बोलणारा व्यासपीठावर, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि पंख्याची घरघर आणि हॉलचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून हॉलच्या साऊंड सिस्टीममधून सरळ वायर घ्यायची, आणि एक माईक वेगळा ठेवायचा, कारण साऊंड सिस्टीमवाला मध्येच चहाला जातो. सदस्य बोलायला उठतात तेव्हा टेबलावरच्या माईकवर कागद ठेवतात, बरोब्बर माईकवरच, आणि मग पुढची दहा मिनिटं त्यांच्या भाषणापेक्षा तो कागद जास्त बोलतो. हे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कळत नाही, आवाजाच्या लेव्हलचा काटा छान हिरव्यात नाचत असतो. हेडफोन लावलेला माणूस असेल तरच तो पटकन पुढे जाऊन खूण करतो. आमच्याकडे एक निवृत्त बाई आहेत, त्या हे काम करतात, त्यांच्या नुसत्या भुवया वर गेल्या की सभागृहातले लोक आता आपणहून कागद उचलतात.

मग प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज वेगळा. शाळेच्या पोरांनी केलेला कार्यक्रम कुजबुजल्यासारखा, त्याच्यामागे लागलेली व्यायामाची माहिती कानात किंचाळणारी, आजोबा रिमोट शोधेपर्यंत घर जागं. मोठ्या चॅनलवाल्यांना यासाठी लाउडनेसचं माप आहे, युरोपात २०१० पासून उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं एकक) धरतात, फुकट सॉफ्टवेअरमध्ये पण ते जमतं, फाईलमागे काही मिनिटांचं काम. पण ते रोज, प्रत्येक फाईलला, न चुकता कोणीतरी करायला पाहिजे ना. तसंच बॅकअपचं. सेकंदाला १० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तरी तासाला साडेचार जीबी होतात, तीन तासांची सभा साडेतेरा, आणि ते दोन वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो एक डिस्क दुसऱ्या इमारतीत. पाच वर्षांनी कोणीतरी विचारायला येतंच की तेव्हा रस्त्याबद्दल काय ठरलं होतं.

अजून एक गोष्ट, पासवर्ड. अशी चॅनल भांडणाने बंद पडतात त्यापेक्षा जास्त वेळा यामुळे बंद पडत असतील की ज्याला सगळं येत होतं, पासवर्डही ज्या एकट्याकडे होते, त्याची बदली झाली नाहीतर त्याला बाळ झालं. म्हणून आमच्याकडे ड्युटीवर कायम दोघं, एक जाणता एक शिकाऊ, आणि प्लेआऊट, म्हणजे चॅनलवर कार्यक्रम लावणारी यंत्रणा, कशी सुरू करायची ते एका वहीत हाताने लिहिलेलं, कुठलं बटण आधी तेही. वही जुनाट वाटते पण कॉम्प्युटर बंद पडल्यावर कॉम्प्युटरमधली सूचना वाचता येत नाही.

आता कोणी म्हणेल गावातल्या पुढाऱ्यांचा दाब येत नाही का. येतो की. "तेवढं माझं वाक्य काढा" असा फोन येतोच, गोड बोलून येतो, कधी कडू बोलून. यासाठी नियम भांडणाच्या आधी लिहून ठेवावे लागतात, भांडण सुरू झाल्यावर लिहिलेला नियम कोणाच्या तरी विरोधातलाच दिसतो. जर्मनीत १९८४ साली लुडविग्सहाफेनला त्यांचं पहिलं ओपन चॅनल निघालं, म्हणजे कोणालाही आपला कार्यक्रम लावता येईल असं, अशा चॅनलवर त्यांची साधी पद्धत, रांग. जो आधी आला त्याचा कार्यक्रम आधी, आणि आपल्या कार्यक्रमातल्या मजकुराची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची. ही पद्धत मला फार आवडते कारण त्यात चॅनलवाल्यांच्या आवडीनिवडीला वावच राहत नाही, मग कोणाची कविता कितीही लांबो. (लांबते. पण रांगेत आले होते.)

तर पत्रलेखकांना माझं उत्तर एवढंच की मोबाईलने कॅमेरा स्वस्त केला, ड्युटी लावून दिली नाही. दर महिन्याला, ठरल्या दिवशी, भांडण असो नसो, सभेत कोणीतरी बसलेलं असणं हे मोबाईलचं काम नाही, तो तर जिथे गर्दी जमते तिथेच वर होतो.

आणि आता मागणी. ज्यांना कॅमेरा द्यायचाय त्यांनी प्लीज थांबा, आमचं कपाट भरलंय. त्यापेक्षा महिन्यातून एक संध्याकाळ द्या. आवाज नीट ऐकू येतो, तीन तास बसवतं, आणि बोलणारा कुठल्या पक्षाचा आहे हे विसरून लेव्हल बघता येते, एवढंच शिक्षण लागतं, बाकीचं दोन सभांत शिकवू. ज्यांना पडद्यावर यायचंय त्यांनी पण या, पण आधी विषयांच्या यादीचं काम करावं लागेल, ते आत्ताच सांगतो.

संपादक साहेब, तुमच्याकडूनही एक हवंय. सभेची बातमी छापता तेव्हा शेवटी एक ओळ टाकत जा की पूर्ण रेकॉर्डिंग अमुक दिवशी अमुक वेळी लागणार आहे. तुमच्या बातमीदारांना आमची विषयांची यादी आम्ही त्याच रात्री पाठवू, त्यांना पण कोण नक्की काय बोललं ते शोधत बसावं लागणार नाही.

आपला,
चॅनलवरचा एक व्हॉलंटियर