रिव्ह्यूवाल्या ताईंना थँक्यू, त्या 10 ते 20 केबीसाठी

ताई,

फोटो बारीक करायच्या टूलसाठी मी पाठवलेला कोडमधला बदल, म्हणजे पीआर, तुम्ही तपासलात आणि तो मर्ज झाला तेव्हा खाली नुसतं थँक्स टाकून मोकळा झालो होतो, पण ते काही मनाला पटेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय आणि सगळ्यांसमोर लिहितोय, एवढ्याशा फीचरमागे कुणी किती डोकं लावलंय ते बाकीच्यांनाही कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझं तालुक्याच्या गावी फॉर्म भरायचं सेंटर आहे, बँक, भरती, स्कॉलरशिप, येईल ते. फोटो बारीक करायला आम्ही एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) कमांड लाईन टूल वापरतो, पायथनमधलं, आत फोटोचं काम करणारी पिलो लायब्ररी, फोल्डर दाखवला की सगळे फोटो एका दमात जेपीजी. त्यात क्वालिटीचा आकडा देता यायचा पण केबी सांगता यायचे नाहीत, आणि आमचा तर सगळा धंदाच केबीवर. बँक भरतीच्या आयबीपीएसचं बघा ना, फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20, अंगठा 20 ते 50, हाताने लिहिलेलं डिक्लेरेशन 50 ते 100. मग क्वालिटी 60 टाकून बघ, फाईल जास्त झाली, 50 टाक, आता कमी झाली, असं प्रत्येक पोरामागे, आणि शेवटच्या तारखेला रांग पार रस्त्यावर.

म्हणून मी किमान केबी आणि कमाल केबी असे दोन ऑप्शन लिहून पाठवले. कमालवर कुणाची हरकत नव्हती. किमानवर मात्र पहिलीच कमेंट, फाईल मुद्दाम मोठी कोण करेल, हे काढून टाका. माझं इंग्रजी म्हणजे काय सांगावं, दोन ओळी लिहिल्या आणि गप्प बसलो.

तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. पांढऱ्या कागदावरची काळ्या शाईची सही 140 बाय 60 पिक्सेलला आणली की कोऱ्या भागात जेपीजीला साठवायला काही उरतच नाही, क्वालिटी 95 ठेवली तरी फाईल 10 केबीच्या आतच राहते, आणि फॉर्मला 10 च्या खालची चालत नाही, हे तुम्ही इतकं सरळ मांडलंत. वर माझ्याकडून एक सॅम्पल मागवून घेतलंत (मी कागदावर वेडीवाकडी 'अबक' अशी सही करून फोटो पाठवला होता, तोच अजून टेस्टमध्ये आहे!) आणि आकडा काढून दाखवलात. त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही. खरं सांगू, मला तुमचे आभार सगळ्यात जास्त याचेच मानायचेत. कोड काय, कुणीतरी शिकवलाच असता.

कोडमध्येही काही सोडलं नाहीत म्हणा. माझा लूप 95 पासून पाच-पाचने खाली यायचा, तुम्ही बायनरी सर्च सुचवलंत, दरवेळी मधला आकडा बघायचा आणि अर्धा भाग सोडून द्यायचा, 1 ते 95 मध्ये जास्तीत जास्त 7 वेळा सेव्ह केलं की उत्तर हातात. 95 च्या वर का जायचं नाही ते पिलोच्या डॉक्युमेंटेशनमधून वाचायला लावलंत. मग विचारलंत, केबी म्हणजे 1000 बाइट की 1024? म्हटलं पोर्टलवर अवलंबून, कोण कसं मोजतं कुणास ठाऊक. तर तुमचं उत्तर, कमाल मर्यादा 1000 ने मोजा आणि किमान 1024 ने, म्हणजे समोरचा कसाही मोजू दे, फाईल आतच बसते. हे वाचून मी खुर्चीत मागे रेलून एकटाच हसलो, कसलं भारी आहे हे, आणि एका ओळीचं काम.

फाईलच्या शेवटी फालतू बाइट चिकटवून वजन वाढवायचं का, असंही मी विचारलेलं. बहुतेक व्ह्यूअर जेपीजीचा शेवटचा मार्कर आला की पुढचं बघत नाहीत, जुगाड चालून गेला असता. तुम्ही साफ नाही म्हणालात. 140 बाय 60 हे फक्त 'प्रेफर्ड' आहे, त्याच प्रमाणात पिक्सेल वाढवा, आणि तरीही नाही जमलं तर टूलने तसं स्पष्ट सांगावं, गुपचूप काहीतरी देऊन मोकळं होऊ नये. ते फोटो आडवा पडायचं पण तुमच्यामुळेच सुटलं, आधी ओरिएंटेशन टॅग वाचून फोटो फिरवायचा आणि मगच एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) काढायचं, उलटं केलं की मोबाईलवर उभा काढलेला फोटो झोपलाच.

एवढं सगळं करून एकदाही स्वतः कोड लिहून दिला नाहीत, दरवेळी प्रश्न टाकायचा आणि थांबायचं. तेव्हा जाम वैताग यायचा, आता बरं वाटतं. आणि अप्रूव्ह करताना खाली देवनागरीत 'झालं की, आता चहा प्या', तोवर मला पत्ताच नव्हता की तुम्ही मराठी! आधी सांगितलं असतंत तर त्या इंग्रजीपायी एवढा घाम गाळला नसता.

सेंटरवर आता सही, फोटो, अंगठा, डिक्लेरेशन असे चार फोल्डर केलेत, मदतीला असलेली मुलगी फाईली टाकते आणि एक कमांड मारते, बस. पीएनजीचा तो इश्यू पण मीच घेतलाय, ट्रान्सपरंट बॅकग्राऊंड जेपीजीत काळं होतं तो. रिव्ह्यूला तुम्हालाच टॅग करणारे, चालेल ना?